निष्कर्ष नावाचे शेवटचे प्रकरण

मराठीतील कोणताही पीएच.डी.चा प्रबंध उचलावा आणि एकदम शेवटचे प्रकरण उघडावे. त्याचे नाव बहुधा 'उपसंहार व निष्कर्ष' असे असते. तेथे क्रमांक घालून आठ-दहा वाक्ये दिलेली असतात. अमुक लेखकाच्या साहित्यात सामाजिक जाणिवेचे प्रत्ययकारी दर्शन घडते. त्याची भाषा आशयाला पोषक आहे. मराठी कादंबरीच्या विकासात त्याचे योगदान महत्त्वपूर्ण आहे. ही वाक्ये खोटी असतात असे नाही. अडचण अशी की, प्रबंध लिहायला घेण्यापूर्वीही ती तितकीच खरी होती. लेखकाचे नाव बदलून तीच वाक्ये शेजारच्या प्रबंधात ठेवली तरी मार्गदर्शकाला, बहिःस्थ परीक्षकाला आणि बहुधा खुद्द संशोधकालाही काही बिघडल्याचे जाणवणार नाही.

आम्ही दोघे भिवंडीत मराठी शिकवतो. अशी वाक्ये आम्ही स्वतः लिहिली आहेत, विद्यार्थ्यांकडून लिहून घेतली आहेत आणि परीक्षक म्हणून त्यांना बरे गुणही दिले आहेत. तेव्हा पुढील मजकुरात आम्ही फिर्यादी आहोत तसेच आरोपीही आहोत, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

निमित्त घडले ते असे. स्टाफरूममध्ये एकदा पैज लागली. प्रत्येक विभागाने आपल्या विषयातला एकच निष्कर्ष पंधरा मिनिटांत इतर विभागांना समजेल असा सांगायचा. विषयाचे महत्त्व, इतिहास, थोरवी काही सांगायचे नाही, फक्त काय सापडले ते सांगायचे. पहिल्या दिवशी गणिताचे सहकारी बोलले, दुसऱ्या दिवशी अर्थशास्त्राच्या बाई, तिसऱ्या दिवशी पदार्थविज्ञानाचे सहकारी. चौथा दिवस मराठीचा होता. आम्ही 'पुढच्या आठवड्यात' म्हणालो, आणि तो पुढचा आठवडा अद्याप उजाडलेला नाही. हा लेख म्हणजे त्या न झालेल्या पंधरा मिनिटांचा हिशेब आहे.

गणिताच्या सहकाऱ्यांनी विषय घेतला संख्या-सिद्धांताचा, आणि माणूस निवडला आपल्या ठाणे जिल्ह्याशी नाते असलेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, ठाण्यास शाळेत आणि पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे देवळालीच्या शाळेत ते मास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात पद नाही, संशोधनासाठी रजा नाही. त्यांना सापडलेली गोष्ट मात्र वाचकाने आत्ता कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहावी अशी आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. ते अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करावे. जे उरेल त्यावर पुन्हा हेच करावे. सहकाऱ्यांनी फळ्यावर कापरेकरांचेच जन्मवर्ष घेतले. ९५१० मधून ०१५९ गेले, राहिले ९३५१. पुढे ८१७२, मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. येथून पुढे हलता येत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की ६१७४ च उरते. कोठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येथेच यावे लागते.

आम्ही भाषेची माणसे असल्यामुळे आमचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे गेले. कापरेकरांनी आपल्या शोधांना नावे दिली ती आपल्याच परिसरातली. एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' म्हटले, कारण ती कल्पना ज्या रेल्वे स्थानकावर सुचली त्या डोंबिवलीचे ते जुने नाव. दुसऱ्या प्रकाराला 'देवळाली' आणि 'स्वयंभू' अशी नावे दिली. २१ मध्ये त्याच्याच अंकांची बेरीज मिळवली की २४ येतात, म्हणजे २४ ला २१ हा जनक आहे. २० ला मात्र असा कोणताच जनक नाही, म्हणून २० स्वयंभू. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि ही संख्या जगभर गेली. तोवर त्यांचे काम छंद म्हणून बाजूला ठेवणारेही होते. पण गार्डनरने लिहिले म्हणून ६१७४ खरी ठरली नाही. अटीत बसणाऱ्या चार अंकी संख्या ८९९१ आहेत. त्या सगळ्या तपासता येतात आणि एकही अपवाद निघत नाही. एक जरी निघाला असता तरी कापरेकरांचे म्हणणे कोसळले असते. निष्कर्षाचा हा पहिला गुण आम्ही वहीत टिपून घेतला: तो कोणत्या गोष्टीने कोसळेल, हे सांगता आले पाहिजे.

अर्थशास्त्राच्या बाईंनी विषय घेतला श्रमाचा. भिवंडीत ह्या विषयाला प्रस्तावना लागत नाही. येथले विणकर हातमागावरून यंत्रमागावर कसे गेले, १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतले कापड येथल्या मागांवर कसे आले, हे गल्लीतला प्रत्येक म्हातारा सांगेल. बाईंनी त्याऐवजी एक साधा प्रश्न ठेवला: देशात किती स्त्रिया काम करतात? सरकारच्या नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. सहा वर्षांत इतकी मोठी उडी. कोणी म्हणते रोजगार वाढला. कोणी म्हणते ही वाढ मुख्यतः स्वयंरोजगारातली, आणि त्यातही घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणाऱ्या स्त्रियांची आहे. कोणी म्हणते पूर्वी जे मोजले जात नव्हते ते आता मोजले जाते. वाद चालू आहे.

मग बाईंनी पाहणीची सांकेतिक यादी उलगडली. घरच्या उद्योगात बिनपगारी मदत करणाऱ्या व्यक्तीला संकेतांक २१. ती 'कामगार' ठरते. केवळ घरकाम करणारीला ९२. घरकामाबरोबर सरपण गोळा करणे, घरच्या वापरासाठी शिवणे, विणणे असे काही करणारीला ९३. ९२ आणि ९३ ह्या दोन्ही श्रमशक्तीच्या बाहेर. आता आमच्या गावातली एक खोली डोळ्यांपुढे आणावी. पुढच्या बाजूला दोन-चार माग, मागच्या बाजूला संसार. बाई चुलीवरची डाळ उतरवते आणि कांड्या भरायला बसते. त्या कांड्या धोट्यात बसतात, तेव्हा कुठे माग चालतो. दारात पाहणीचा माणूस येतो आणि नवऱ्याला विचारतो, 'ह्या काय करतात?' तो सहज म्हणतो, 'काही नाही, घरीच असते.' झाले, ९२. त्याच दारात कोणी सावकाश बसून, 'सकाळपासून काय काय केलेत?' असे तिलाच विचारले तर कदाचित २१. बाई तीच, कांडी तीच, दिवसही तोच.

वेळेच्या वापराची पाहणी हा ह्यावरचा एक उपाय. २०१९ च्या अशा देशव्यापी पाहणीत घरातली बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती, अशी कामे करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. अर्थशास्त्रातल्या निष्कर्षाला ६१७४ ची निश्चिती नसते. तेथे आकड्याबरोबर तो कोणत्या प्रश्नातून निघाला हे सांगावे लागते. प्रश्न लपवला की आकडा खोटे बोलू लागतो. हा दुसरा गुण आम्ही टिपला. टिपताना काहीसे ओशाळलोही, कारण 'घरीच असते' ह्या दोन शब्दांचा अर्थ लावणे हे काम वास्तविक आमचे. एका वाक्याच्या वाचनावर देशाच्या श्रमशक्तीचा आकडा हलतो, आणि वाक्यांचे वाचन हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना हे अर्थशास्त्राच्या बाईंकडून कळावे!

तिसरे सहकारी पदार्थविज्ञानाचे. त्यांचा विषय होता स्पिन. आमच्यातल्या एकाने लगेच 'म्हणजे कातणे' अशी कोटी केली. इंग्रजीत तो अर्थ आहेच, पण भिवंडी विणते, सूत बाहेरून येते, त्यामुळे कोटी फुकट गेली. शालेय भूगोलातला 'परिवलन' हा शब्द वापरावा तर पृथ्वी स्वतःभोवती फिरते तसा कण फिरतो असा गैरसमज होतो, आणि तसे तो फिरत नाही. तेव्हा सहकाऱ्यांनी शब्दाची खटपट सोडून एक प्रयोग सांगितला. हायड्रोजनचे अणुकेंद्र लहानशा चुंबकासारखे वागते. ते मोठ्या चुंबकात ठेवून त्यावर योग्य कंप्रतेच्या रेडिओलहरी टाकल्या की ते प्रतिसाद देते. ही पद्धत १९४५-४६ च्या सुमारास अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांच्या गटांनी स्वतंत्रपणे सिद्ध केली. १९५२ चे नोबेल त्यांना ह्यासाठीच मिळाले. सगळ्या हायड्रोजनची अणुकेंद्रे सारखीच, म्हणून त्याच चुंबकात संदेशही एकच यावा अशी अपेक्षा. पण ज्यांना अणुकेंद्राचे चुंबकत्व अचूक मोजायचे होते त्यांना असे आढळू लागले की, एकाच मूलद्रव्याची केंद्रे वेगवेगळ्या संयुगांत किंचित वेगळ्या कंप्रतेला प्रतिसाद देतात. त्यांच्या दृष्टीने ही कटकट होती, मापनात घुसलेली रासायनिक घाण.

१९५१ साली स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकर्ड ह्या तिघांनी साध्या इथाइल अल्कोहोलवर हा प्रयोग केला. त्याच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू असतात. संदेश एक आला नाही, तीन आले, आणि त्यांचे प्रमाण तीनास दोनास एक असे होते. रेणूत हायड्रोजनच्या जागाही तशाच: तीन एका ठिकाणी, दोन दुसऱ्या, एक तिसऱ्या. केंद्र सारखेच असले तरी ते कोणाच्या शेजारी बसले आहे हे त्याच्या प्रतिसादातून वाचता येते, हे येथे लख्ख दिसले. ज्याला कटकट म्हटले जात होते त्यातून रेणूंची रचना वाचण्याचे सारे शास्त्र निघाले. त्या तिघांपैकी धर्मट्टी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी ह्या विषयाचे संशोधन उभे केले. आज ठाण्या-भिवंडीत डॉक्टर ज्या एमआरआयची चिठ्ठी लिहून देतात तेथेही आपल्या शरीरातल्या हायड्रोजनच्या ह्याच गुणधर्माचे संदेश टिपले जातात. आमच्या वहीत तिसरा गुण उतरला: अपेक्षेत न बसणारी गोष्ट पुसून टाकायची नसते, कित्येकदा तोच शोध असतो.

येथे एका मोहाबद्दल बोलले पाहिजे. 'अणुकेंद्र शेजाऱ्यानुसार बदलते, शब्दही संदर्भानुसार बदलतो' असे एक देखणे वाक्य आमच्या मनात तत्काळ तयार झाले होते. मराठी समीक्षेत अशी वाक्ये पुष्कळ आहेत. अनिश्चिततेचे तत्त्व, सापेक्षता, कृष्णविवर, पुंज हे शब्द कवितेच्या आस्वादात अत्तराच्या फायासारखे वापरले जातात. अॅलन सोकल ह्या पदार्थवैज्ञानिकाने अशाच शब्दांची मुद्दाम निरर्थक गुंफण करून एक लेख अमेरिकेतल्या एका सांस्कृतिक समीक्षेच्या नियतकालिकास पाठवला आणि १९९६ साली तो छापून आला. त्या फजितीवर आपल्याकडेही बोलले-लिहिले गेले; सवय मात्र गेली नाही. आमचे मत असे की, विज्ञानाकडून आपण आजवर चुकीची वस्तू उसनी घेत आलो. त्याचे शब्द आपल्याला नकोत. 'मला हे सापडले, अशा रीतीने सापडले, आणि अमुक दिसले तर मी माझे म्हणणे मागे घेईन' असे म्हणण्याची त्याची जी शिस्त आहे, ती हवी आहे.

ह्यावर ठरलेला आक्षेप आम्हांला ठाऊक आहे, कारण वीस वर्षे आम्हीच तो घेत आलो. साहित्य म्हणजे विज्ञान नव्हे. कवितेची सिद्धता देता येत नाही. रसास्वादाला आकडे लागत नाहीत. सगळे मान्य. पण त्या तीन दिवसांत आम्ही जे ऐकले ते तरी कुठे एकाच साच्याचे होते? संख्येचा निष्कर्ष निरपवाद असतो, श्रमाचा अंदाजाने आणि अटींसह मांडलेला, स्पिनचा मोजलेला. तिघांचे पुरावे तीन जातींचे. तेव्हा साहित्याचा पुरावा चौथ्या जातीचा असायला हरकत नाही, मात्र पुरावा असावा. आणि तो आपल्या परंपरेत होताच. महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांमुळे त्या वाचकांना खुल्या झाल्या. लिपीची किल्ली चुकली असती तर पान वाचताच आले नसते. बरोबर लागली म्हणून अर्थ उमटला. ह्याहून नेमका निष्कर्ष कोणत्या प्रयोगशाळेत निघतो? 'निष्कर्ष' ह्या शब्दातला कृष् धातू ओढण्याचा आहे. आत रुतलेले काही जोर लावून बाहेर काढणे असा त्याचा भाव. वरवर तरंगत असलेले गोळा करण्याला तो शब्द शोभत नाही.

आता आरोपीच्या पिंजऱ्यातली गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या एका एम.ए.च्या विद्यार्थिनीने मराठी कामगार-कथेवर लघुप्रबंध लिहिला. तिच्या घरी माग होते. मातृभाषा तेलुगू, शिक्षण मराठीतून. प्रबंध चारचौघींसारखाच होता, पण तिसऱ्या प्रकरणात एक पान वेगळे होते. तिने निवडलेल्या कथांतली क्रियापदे तिने मांडून पाहिली होती. तिचे म्हणणे असे की, ह्या कथांत पुरुष काम करतो, राबतो, घाम गाळतो. त्याच मागाच्या पलीकडे बसलेली बाई मात्र 'हातभार लावते'. कुठे कुठे असे येते त्याची पृष्ठांकांसह यादी होती. जेथे हे लागू पडत नाही अशी एक कथाही तिने प्रामाणिकपणे खाली नोंदवली होती. आणि शेवटी दोन ओळी: आपल्या गल्लीतल्या बायकांना 'तुम्ही काय काम करता?' असे विचारले तेव्हा बहुतेकींनी हातातली कांडी न थांबवता 'काही नाही, घरीच असते' असेच सांगितले.

त्या पानावर आम्ही तांबड्या शाईने लिहिले: 'भाषिक तपशील. विषयबाह्य. वगळावे.' तिने वगळले. शेवटच्या प्रकरणात 'कामगार-जीवनाचे विदारक व वास्तव चित्रण आढळते' हा निष्कर्ष आला, तो आम्हीच सुचवला होता. तिला प्रथम श्रेणी मिळाली.

आज पाहता त्या एका पानात आमच्या वहीतले तिन्ही गुण होते. तिने काय शोधले आणि कसे, ते सांगितले होते. तिचे म्हणणे कोणत्या कथेपुढे अडते तेही सांगितले होते. आणि प्रबंधाच्या अपेक्षित साच्यात न बसणारी एक खरखर तिने टिपली होती, जिला आम्ही घाण समजून पुसले. त्याहून टोचणारी गोष्ट म्हणजे, श्रमशक्तीच्या आकड्यांवर वाद घालणाऱ्यांना जो प्रश्न छळतो त्याचा एक धागा, स्त्रीच्या श्रमाला भाषाच 'काम' म्हणत नाही हा, आमच्याच विभागात, मराठीत, एका मागवाल्याच्या मुलीच्या हाती लागला होता. पंधरा मिनिटांत सांगण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते असे नाही. होते ते आम्ही स्वतःच्या हाताने काढून टाकले होते.

तिला फोन केला. ती आता एका शाळेत शिकवते. त्या पानाची विचारणा केली तेव्हा ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'सर, ते मी ठेवलं नाही. तुम्हीच नको म्हणाला होतात.' आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले.

असो. ह्यातून आमच्यापुरते आम्ही जे ठरवले ते सांगून थांबतो. यंदापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक लघुप्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात विद्यार्थ्याने तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची. प्रबंध लिहिण्यापूर्वी ठाऊक नव्हते असे काय सापडले? ते कोणत्या पानांवरून, कोणता प्रश्न विचारून सापडले? आणि काय दाखवले तर ते चूक ठरेल? दहा निष्कर्ष नकोत, एक पुरे. तो लहान असला तरी चालेल; एका क्रियापदाएवढा असला तरी चालेल. 'महत्त्वपूर्ण योगदान' हे शब्द त्या प्रकरणात आले तर त्यांवर तांबडी शाई, एवढा एकच सूड आम्ही राखून ठेवला आहे.

ह्याने मराठीचे संशोधन एका वर्षात पालटेल अशा भ्रमात आम्ही नाही. विद्यापीठाचे नमुने, परीक्षकांच्या सवयी आणि नोकरीसाठी लागणारी पदवी हे सगळे जागच्या जागी आहे. पण देवळालीच्या शाळेतल्या मास्तरांकडेही विद्यापीठाचा नमुना नव्हता. वही, पेन्सिल आणि एकही अपवाद न लपवण्याची सवय, एवढ्यावर त्यांनी भागवले. आमच्या वाचकांत बरेच जण शिकवणारे आहेत. त्यांनी आपल्या कपाटातला एखादा जुना प्रबंध काढावा आणि आपणच लावलेल्या तांबड्या खुणांखाली काय होते ते एकदा वाचून पाहावे. सापडलेच काही तर कळवावे. आमची पंधरा मिनिटे अजून शिल्लक आहेत.